दोष मुलाचा की शिक्षकाचा?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मुलुंडच्या एका शाळेत आम्ही तीस वर्षे मराठी शिकविले. आमच्या वर्गातील एक मुलगा तोंडी उत्तरे बिनचूक देई. परंतु लिहिताना 'ध'च्या जागी 'घ' आणि 'भ'च्या जागी 'म' उतरे. फळ्यावरील चार ओळी उतरवीपर्यंत तास संपे. आम्ही त्यास आळशी ठरविले, एकेक शब्द पन्नास वेळा लिहावयास लावला. अखेर त्याने शाळाच सोडली.

या अडचणीस अध्ययन-अक्षमता म्हणतात. चांगल्या बुद्धीच्या मुलांतही ती आढळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होते. दाखला मिळाल्यास शालान्त परीक्षेत जादा वेळ मिळतो. पण ही वाट प्रथम दाखवावयाची ती वर्गशिक्षकाने. आणि मॅट्रिकनंतर आम्ही केलेल्या डी. एड.च्या अभ्यासात याविषयी अक्षरही नव्हते.

चुकांचा प्रकार टिपून ठेवणे, अक्षर उच्चारीत बोटाने गिरविण्यास लावणे, तोंडी उत्तर मान्य करणे, सर्वांदेखत वाचण्याची सक्ती न करणे, एवढे तरी प्रत्येक शिक्षकास शिकविले पाहिजे.

आपल्या ज्ञातीत शिक्षक पुष्कळ आहेत. गुणवंतांचा सत्कार आपण करतोच; त्याबरोबर दर उन्हाळी सुटीत मंडळाने शिक्षकांसाठी तज्ज्ञांचा एक वर्ग भरवावा. पालकांनीही, पुढे लग्न जमणार नाही या भीतीने, मुलाची तपासणी टाळू नये.

आमच्या हातून घडले ते आपल्या हातून न घडो, इतकीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.