आंधी ओसरल्यानंतर

थरच्या वाळवंटात वैशाखाचे ऊन चढू लागले की आंधीचा हंगाम सुरू होतो, तो पावसाळा येऊन जमीन भिजेपर्यंत. महाराष्ट्रातील वावटळीशी तिची तुलना होऊ शकत नाही. उंच ढगातून सुटलेला पाऊस कोरड्या हवेत वाटेतच आटतो. त्यामुळे गार व जड झालेली हवा वेगाने खाली येते, जमिनीवर पसरते आणि सैल मातीची भिंतच्या भिंत पुढे लोटते. २ मे २०१८ रोजी राजस्थान व उत्तर प्रदेशात आलेल्या वादळांत शंभराहून अधिक माणसे दगावली. घरे आणि झाडे कोसळून त्यांतील अनेकांचा अंत झाला.

अशी आंधी बहुधा तासा-दोन तासांत ओसरते. मागून सर आली तर धूळही खाली बसते. श्वासाला अधिक जाचते ती गाजावाजा न करता येणारी, पाऊस न आणणारी धूळ. त्याच वर्षी जूनच्या मध्यास पश्चिमेच्या वाऱ्यांनी राजस्थानची धूळ दिल्लीवर आणली आणि ती काही दिवस तिथेच तरंगत राहिली. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण घनमीटरला ८०० मायक्रोग्रॅमच्या घरात गेले. भारतीय मानकाप्रमाणे चोवीस तासांची मर्यादा १०० आहे. शहरातील बांधकामेही थांबवावी लागली.

हिवाळ्यातील धुरात अडीच मायक्रॉनखालचे कण फार असतात, तर वाळवंटी धुळीत त्याहून जाड कणांचा भरणा अधिक. म्हणून अशा दिवशी केवळ सूक्ष्म कणांचा आकडा पाहून निर्धास्त होणे दमेकऱ्यांना परवडणारे नाही.

जाड वाळू जवळच पडते, बारीक माती मात्र शेकडो मैल जाते. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईकरांच्या मोटारींवर बसलेला पांढरट थर श्रोत्यांपैकी अनेकांना आठवत असेल. ती धूळ पाकिस्तानातून अरबी समुद्रावरून आली होती.

एकदा उडालेली धूळ शहराला अडवता येत नाही. ती उगमापाशीच धरावी लागते. जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष प्रदेश संशोधन संस्थेने त्याची रीत बसवून दिली आहे. वाऱ्याला आडवी काटक्यांची कुंपणे घालायची, त्यांच्या आडोशाला सेवण गवत आणि रोपे लावायची. रोपे मूळ धरीपर्यंत तेथे गुरे जाऊ द्यायची नाहीत, आणि चाऱ्याची टंचाई असलेल्या गावात हेच सर्वांत अवघड ठरते.