मॉरिशसला जायचंय? आधी कॅलेंडर बघा

कॉटन ग्रीनहून बोलतेय, मध्येच लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

मॉरिशस हे लाव्हारसातून तयार झालेलं बेट. क्युरपीप शहरात त्रू ओ सेर्फ नावाचं शांत ज्वालामुखीचं मुख आहे. गाडी काठापर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीलाही बघता येतं.

पण तारीख नीट निवडा. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून ऋतू उलटे. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. जानेवारी २०२४मध्ये ‘बेलाल’ वादळात विमानतळ बंद झाला, पोर्ट लुईत रस्त्यावरच्या गाड्या वाहून गेल्या. आपल्या मे महिन्यात मात्र तिथे हवा छान असते, आणि पोरांना सुट्टीही!

एक सकाळ पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी ठेवा. १८३४पासून बेटावर गिरमिटिया मजूर येत गेले, त्यांत आपली मराठी माणसंही होती. आज तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते.

हे घरी सांगून बघा. ‘परदेशात माझं काय काम?’ म्हणणारी आजीच आधी पासपोर्ट काढायला निघेल.