शिष्यवृत्ती आपल्या लेकरांच्या हक्काची
(विहाराच्या वर्धापनदिनी साखरा येथे केलेले भाषण)



आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळ्या करता करता जे वाचता आलं ते वाचलं, आणि सुटीच्या दिवशी पोरांचे फॉर्म भरून देतो. म्हणून आज आम्ही आठवी ते बारावीच्या लेकरांच्या पुढच्या शिक्षणाच्या पैशाबद्दलच बोलणार आहोत.

काही लोक म्हणतात, सरकार फुकट देतं. त्यांना इतिहास सांगितला पाहिजे. बाबासाहेब स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले. सयाजीराव महाराजांनी त्यांना कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले आणि १९१३ साली अमेरिकेला पाठविले. पुढे १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले, तेव्हा त्यांनी आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे रक्कम मागितली. त्यातूनच १९४४ साली मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो ती हीच. १९५० साली त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातली आपली पहिली शिकलेली पिढी तिथून निघाली.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या लेखी आपण अनुसूचित जातीत राहिलो नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० पासून राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राचा कायदा व्हायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे लागली, बंधूंनो! इतक्या कष्टाने मिळालेला हक्क एका दाखल्यापायी जावा, याच्यासारखे दुःख नाही.

आता काय काय मिळते ते नीट ऐका. आठवीत असताना एनएमएमएस नावाची परीक्षा होते. आईवडिलांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि लेकरू पास होऊन निवड यादीत आले, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीला ७५ टक्के किंवा जास्त गुण पडले, तर अकरावी-बारावीला राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, महिना ३०० रुपये, वर्षातून दहा महिने.

दहावीनंतर मुख्य ती भारत सरकार शिष्यवृत्ती. उत्पन्न अडीच लाखांपर्यंत पाहिजे. फी तर मिळतेच, शिवाय निर्वाहभत्ता. अकरावी-बारावीला घरून जाणाऱ्याला वर्षाला २,५०० आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० रुपये. इंजिनिअरिंग-मेडिकलला हाच भत्ता ७,००० आणि १३,५०० होतो. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले तरी घाबरू नका, फ्रीशिपमध्ये शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते.

बाहेरगावी शिकायचे तर आधी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा, राहणे-जेवणे मोफत. तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००, इतर महानगरपालिकांच्या शहरात ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये. गुणांची अट असते, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्यावी. पूर्वी या कामासाठी परभणी गाठावी लागायची. १९९९ ला जिल्हा झाल्यापासून समाजकल्याणचे कार्यालय हिंगोलीतच आहे. मग आळस कशाचा?

मग अडते कुठे? अडते कागदात. जातीचा दाखला काढायला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. आपले आजे शाळेत गेलेच नाहीत, मग पुरावा कुठला? चुलत आज्याचा शाळेतला प्रवेश उतारा शोधा, जुन्या महसुली कागदात नाव शोधा. लेकराच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल, तर वडिलांकडच्या नातेवाइकाचा पूर्वीच्या जातीची नोंद असलेला कागद जोडावा लागतो. याला महिने लागतात. म्हणून ही शोधाशोध नववीतच सुरू केली पाहिजे. दहावीचा निकाल लागल्यावर धावाधाव केली तर तोवर पेरणी आलेली असते, हातातला पैसा बियाण्यात गेलेला असतो आणि तहसीलसमोर रांग लागलेली असते.

दुसरी अडचण मोबाइलची. अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो, ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. नंबर बापाचा, आणि बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला कर्नाटकात! लेकराच्या आधारला त्याच्याजवळ राहील असाच नंबर जोडा आणि बँक खाते आधारशी जोडलेय का ते बँकेत जाऊन विचारा. खाते जोडलेले नसले तर मंजूर झालेला पैसाही अडकतो.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. २०२१ पासून केंद्राच्या वाट्याचा पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. घरात लग्न असते, दवाखाना असतो, आणि खात्यात पैसा दिसला की हात जातो. मग कॉलेज गुणपत्रिका अडवून धरते आणि पोरीचं पुढचं वर्ष बुडतं. मायबापहो, त्या पैशाला हात लावू नका. आठ दिवसांच्या आत फी भरा, पावती जपून ठेवा. पोरांनो, तुम्हीही ७५ टक्के हजेरी सांभाळा.

आमची विहार समितीला एकच विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास टेबल लावा. आठवी ते बारावीच्या प्रत्येक लेकराचे नाव वहीत लिहा आणि समोर चार रकाने करा : जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खाते. जो रकाना रिकामा दिसेल, त्या घरी कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींनी जावे. आईबाप ऊसतोडीला गेले असतील तर ते काम शेजाऱ्याने करावे. पुढच्या वर्धापनदिनी ही वही सगळ्यांपुढे उघडून वाचावी, आणि कागदापायी शाळा सुटलेले एकही नाव त्यात नसावे.

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवितो. जयभीम! नमो बुद्धाय!