दोन डोळ्यांचा हिशेब



थ्रीडी चित्रपटांवरची ही परिषद मुंबईत का? २०१०चा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ आणि २०१२ साली थ्रीडीत पुन्हा झळकलेला ‘द फँटम मेनस’ हे दोन्ही एका कॅमेऱ्यानं टिपलेले चित्रपट. त्यांना नंतर थ्रीडीची खोली दिली ती मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकस या कंपनीनं. ‘क्लॅश’च्या थ्रीडीवर टीकाही सडकून झाली, पण या धंद्यात मुंबईचं नाव झालं ते तेव्हापासूनच.

त्यापेक्षा प्रत्येक डोळ्यासाठी एक अशा दोन कॅमेऱ्यांनीच चित्रण केलं की सगळं सोपं, असं मात्र नाही. माणसाच्या डोळ्यांमधलं अंतर साधारण ६५ मिलिमीटर. मोठे कॅमेरे इतके जवळ बसत नाहीत, म्हणून अर्धपारदर्शक आरसा लावतात. एक कॅमेरा आरशातून आरपार बघतो, दुसरा त्यातलं प्रतिबिंब टिपतो. गोची तिथेच होते. ओल्या रस्त्यावरची चकाकी एकाच डोळ्याला दिसते, रंग जुळत नाहीत. कॅमेरा जरासा वर-खाली झाला की प्रेक्षकाचं डोकं धरतं. आडवा फरक मेंदू खोली म्हणून वाचतो, उभा त्याला पचत नाही.

इथे संगणकदृष्टी धावून येते. डावीकडचा प्रत्येक पिक्सेल उजव्या फ्रेममध्ये कुठे आहे, याचा ती नकाशा काढते. त्यामागच्या गणिताला हॉर्न-शुंक आणि लुकास-कनाडे यांच्या १९८१च्या निबंधांचा मोठा आधार आहे. फाउंड्री कंपनीच्या ‘ऑक्युला’ या सॉफ्टवेअरनं ते कंपोझिटरच्या, म्हणजे चित्राचे थर जुळवणाऱ्याच्या, हाती दिलं. नकाशा बरोबर असेल, तर रंग जुळवता येतात, उभा फरक काढता येतो, एका डोळ्याच्या चित्रावर केलेलं पेंट, म्हणजे डागडुजी, दुसऱ्याला लावता येतं.

आणि नायिकेचे केस वाऱ्यावर उडाले की? केसांच्या कडेला भिंतीची बारीक पट्टी एकाच डोळ्याला दिसते. दुसऱ्या फ्रेममध्ये तिला जोडच नसते. गणित अंदाज बांधतं, कडा थरथरते आणि मग कुणीतरी रोटो आर्टिस्ट ती हातानं आखत बसतो. सेकंदाला २४ फ्रेम, दोन डोळ्यांच्या ४८. या मंडळींची नावं श्रेयनामावलीत येतात तोवर थिएटर रिकामं झालेलं असतं.

संशोधकांनो, तुमचे आलेख जरूर दाखवा. पण केस, धूर, काच यांवर तुमची पद्धत कुठे अडते, तेही सांगा. उद्या दुपारी आमचे आर्टिस्ट आपले फसलेले शॉट दाखवणार आहेत. जेवणात पुरणपोळी आहे. तरी ते सत्र कृपया झोपेत घालवू नका.