पोरांचा गेम पारखताना

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात दिवस मावळायच्या आत आपण पोरांना घरात घेतो. बिबट्याच्या धास्तीनं अंगण ओस पडतं आणि पोरं मोबाइलमध्ये शिरतात. मग आपण सगळ्याच गेमला एकजात नावं ठेवतो. पण टोमॅटोची आपण प्रतवारी करतो ना? तशी गेमचीही करता येते.

आज बोलू या, सोंग घेऊन अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायच्या गेमविषयी. त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, त्यामुळे सोंग म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. या गेममध्ये पोरगं योद्धा होतं, जादूगार होतं, अनोळखी लोकांशी टोळी करतं. कलावंत खेळ संपल्यावर तोंडाचा रंग पुसतो. इथं मात्र आपण मोबाइल बंद केला तरी ते जग चालूच असतं, म्हणून पोराचा जीव तिथंच अडकतो.

गेम पारखायला चार प्रश्न विचारा.

पहिला, डाव संपतो का? बीजीएमआय हा लढाईचा गेम. त्यात शंभर जण उतरतात आणि साधारण अर्ध्या तासात निकाल लागतो. "एवढा डाव झाला की जेवायला ये," असं म्हणता येतं. २००४ साली आलेल्या, कॉम्प्युटरवरच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टला शेवटच नाही. तिथं मोठ्या राक्षसाशी लढायला वीस-वीस जण वेळ ठरवून जमतात. मधेच उठलं तर सगळ्यांचा खोळंबा. तेव्हा "पाचच मिनिटं" हा दरवेळी बहाणा नसतो. खेळायला बसण्याआधीच वेळ ठरवा.

दुसरा, पैसा कसा जातो? वॉरक्राफ्टला दरमहा वर्गणी असते, ती डोळ्यांना दिसते. रोब्लॉक्स फुकट सुरू होतो, पण आतले कपडे, वस्तू घ्यायला रोबक्स नावाचं नाणं खऱ्या पैशांनी घ्यावं लागतं. थोडं थोडं करत फुकटचा गेमच महाग पडू शकतो. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका.

तिसरा, हरल्यावर काय जातं? मोबाइलवर चालणाऱ्या ऑल्बियन ऑनलाइनमध्ये धोक्याच्या भागात मेलं, की अंगावरची हत्यारं-चिलखत दुसरा खेळाडू लुटून नेतो. कित्येक दिवसांची मेहनत क्षणात जाते. त्या वेळी पोर चिडलं तर आधी कारण विचारा.

चौथा प्रश्न सगळ्यांत मोठा. पलीकडून बोलतंय कोण? सोंगाआड दहा वर्षांचं पोर असेल, नाहीतर चाळिशीचा बाप्या. त्रास नको म्हणून काही मुली गेममध्ये मुलगा होऊन खेळतात, यावरून काय ते समजा. माइनक्राफ्टमध्ये घरातल्या भावंडांपुरतं खासगी जग उघडता येतं. लहानांना तिथून सुरुवात करून द्या. रोब्लॉक्समध्ये पालकांना आपल्या खात्यातून गप्पांवर आणि खर्चावर बंधन घालता येतं. नाव, गाव, शाळा, फोटो आणि ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, हा नियम मात्र सगळ्या गेमना सारखाच.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा झाला. पण सोंगांचे हे गेम जुगार नव्हेत. त्यांच्यावर नजर आपल्यालाच ठेवायची आहे.

आणि एक सांगते. "काही झालं तर मोबाइल काढून घेईन" असा धाक घातला, तर पोर घडलेलं लपवतं. "काहीही झालं तरी आधी मला सांग, मोबाइल घेणार नाही," असा शब्द द्या आणि तो पाळा. पैशांची फसवणूक झाली तर १९३० ला आणि मुलाला कुणी त्रास दिला तर १०९८ ला लगेच फोन करा.

आज रात्री जेवणं उरकल्यावर दहा मिनिटं पोराशेजारी बसा. तो कोण झालाय आणि त्याच्या टोळीत कोण कोण आहे, ते त्यालाच विचारा.