हाडांची कणगी आणि तिच्या किल्ल्या



गोठ्यापासूनच सुरुवात करतो. चांगली दुधाची संकरित गाय, तिसऱ्या-चौथ्या वेताची. रात्री सुखरूप व्याली, वार पडली, चीक काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावे तर बसलेली, मान पोटाकडे वळवलेली, कान गार, उठवता उठत नाही. डॉक्टर येतात, शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडतात आणि बघता बघता गाय उभी राहते. याला आपण दुग्धज्वर म्हणतो. नावात ज्वर, आणि अंग मात्र थंडगार! ठेवणाऱ्याने काय पाहून हे नाव ठेवले कोण जाणे.

आता त्या गाईच्या अंगात कॅल्शियम नव्हते का? भरपूर होते. हाडांत किलोंनी होते. पण वाहत्या रक्तात एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम असते, आणि दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमच्या वर बाहेर जाते. रक्तातले कॅल्शियम घटले की मानेतल्या बारीकशा ग्रंथी एक रस सोडतात. तो रस हाडांना सांगतो, दार उघडा, माल बाहेर काढा. पण हे काम सुरळीत व्हायला एक-दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात गाय बसते. म्हणूनच सांगतो, व्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे कॅल्शियमच्या बाटल्या पाजत बसू नका. बाहेरून आयते येत राहिले की त्या ग्रंथी आळसावतात आणि ऐन गरजेला जाग्या होत नाहीत.

असा जो रस ग्रंथीतून थेट रक्तात उतरतो आणि लांबच्या अवयवाला हुकूम पोचवतो, त्याला संप्रेरक म्हणतात. डॉक्टर मंडळी हार्मोन म्हणतात. मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर. पण आज बोलायचे आहे ते माणसाच्या हाडांबद्दल, आणि त्यातही घरातल्या बायामाणसांच्या. त्याला माझ्याच घरातले कारण आहे, ते पुढे सांगतो.

हाड म्हणजे घराचा खांब, एवढेच आपण धरून चालतो. पण ते खांबही आहे आणि कणगीही आहे. मोठ्या माणसाच्या अंगात किलोभर कॅल्शियम असते आणि त्यातले शेकडा ९९ हाडादातांत असते. ही कणगी जिवंत आहे. काही पेशी जुने हाड पोखरतात, काही पेशी तिथे नवे भरतात. हे काम जन्मभर चालते. भरणे जास्त की काढणे जास्त, हे बव्हंशी संप्रेरके ठरवतात. किल्ल्या त्यांच्या हातात.

कोंबडीचे बघा. तलंग अंड्यावर यायच्या सुमाराला तिच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक वाढते आणि तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक जादा हाड तयार होते. केवळ कवचासाठी ठेवलेली शिल्लक! एका अंड्याच्या कवचाला दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. कवच बनते रात्री, तेव्हा पोटात खाद्य थोडे, मग ती या शिलकीतून उचलते. पक्ष्यांच्या हाडांतला हा प्रकार १९३०च्या दशकात शास्त्रज्ञांनी कबुतरांत पाहिला होता. पुढे अमेरिकेतल्या बोस्टनच्या फुलर अल्ब्राइट या डॉक्टरांनी पाठीचे मणके खचलेल्या, पासष्टीच्या आतल्या रुग्णांची टिपणे तपासली. १९४१ साली त्यांनी लिहिले, की अशा ४२ जणींपैकी ४० जणींची पाळी आधीच गेलेली होती. पाळी गेली, इस्ट्रोजेन आटले, कणगीचे दार उघडे पडले. म्हातारपणाने हाडे ठिसूळ होतात एवढे सगळेच जाणत होते. कारण इथे सापडले.

आता लहानपणापासून क्रमाने येऊ. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिच्या संप्रेरकाने पोराची उंची वाढते. वयात येताना मुलीत इस्ट्रोजेन आणि मुलात टेस्टोस्टेरॉन जोर धरते, आणि मग सुगी सुरू होते. उंची झपाट्याने वाढते त्या दोन वर्षांच्या आसपास, मुलींत साधारण बारा ते चौदा, मुलांत त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने, जन्माच्या शिलकीचा जवळजवळ पाव हिस्सा हाडांत जमा होतो. विशी ओलांडेपर्यंत कणगी बहुतेक भरते, तिशीपर्यंत थोडी भर पडते. पुढे नवी भर जवळपास नाही.

आणि नेमक्या त्याच वयात आपण मुलीला काय देतो? दूध सकाळी डेअरीत. राहिलेले चहाला. त्यातून उरले तर भावाला. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा बंद आणि लग्नाची बोलणी. ज्या कालवडीला आपण खुराक घालतो, कारण पुढे ती गाय होणार आहे, तिच्याइतकी चिंता या पोरीची करत नाही. हे बोचेल, पण मी घरोघर बघतो म्हणून बोलतो.

पुरुषांनीही निर्धास्त राहू नये. इस्ट्रोजेन बायकांचेच, हा समज चुकीचा आहे. १९९४ साली अमेरिकेत एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकीगत प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा हुकूम ऐकूच येत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर, अजून वाढतच होता, आणि हाडे मात्र विरळ. पुरुषाची शिलकीची कणगी मोठी असते आणि संप्रेरक हळूहळू उतरते, म्हणून त्याची हाडे जरा उशिरा मोडतात. मोडतात मात्र.

बाळंतीण अंगावर पाजते तेव्हा तिच्याही हाडांतून कॅल्शियम जाते, पण पाजणे थांबल्यावर पाळी सुरू झाली की ते बहुतेक परत भरते. त्या भीतीने पाजणे सोडू नये.

खरा खड्डा पाळी जाताना पडतो. आपल्याकडे ती पंचेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते. नंतरची पाच-सात वर्षे हाड दरसाल शेकडा एक-दोन, काहींत त्याहून जास्त झिजते. दुखत नाही, दिसत नाही. दिसते ते पाठीला पोक येते तेव्हा.

आणि हीच पाळी शस्त्रक्रियेने पस्तिशीत बंद केली तर? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी बंद होते. पंचेचाळिशीचा खड्डा पस्तिशीत, आणि डोक्यावर उसाची मोळी तशीच. कधी कधी शस्त्रक्रिया खरोखरीच लागते, नाही असे नाही. पण आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. अंडाशये ठेवणार की काढणार, हे विचारा. झाल्यावर कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

आता घरातले. आईचे गुडघे दुखायचे. बाजाराच्या गावी एक जण कागदात बांधलेल्या पुड्या द्यायचा. दोन वर्षे तिने त्या घेतल्या. दुखणे पळाले, भूक वाढली, तोंड गोल झाले. तब्येत सुधारली असे सगळे म्हणाले, मीही म्हणालो. एके सकाळी ओट्यावरून उतरताना पाय मुडपून ती बसली, आणि खुब्याचे हाड मोडले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहिला आणि पहिलेच विचारले, "आजी, गुडघ्याला काय घेता?"

पुडीत स्टेरॉइड होते. मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथी हे संप्रेरक आपल्या अंगात थोडेसे बनवतच असतात. तेच बाहेरून जास्त आणि रोज गेले, की हाड भरणाऱ्या पेशींचे काम थंडावते. सर्वांत जास्त झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते. दम्याला, संधिवाताला हेच औषध डॉक्टर मोजून देतात तेव्हा ते गुणाचे, जीव वाचवणारे असते. बिननावाच्या पुडीत मोजमाप कोण करणार? पण एक लक्षात ठेवा. बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम बंद करू नका. गाईच्या ग्रंथी आळसावतात म्हणालो ना, तशाच याही झोपलेल्या असतात. अचानक बंद केल्याने माणूस जिवावर बेततो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतील.

खाण्याचे म्हणाल, तर मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. गाईच्या पाव लिटर दुधात तीनशे. शिवाय तीळ, राजगिरा, ताक. ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे, आणि ते कातडीत उन्हाने बनते. शेतात राबणाऱ्याला ऊन मिळतेच, माजघरात बसून असलेल्या म्हातारीला सकाळ-दुपार अंगणात बसवावे लागते. पाळी गेलेल्या बाईचे किरकोळ पडण्याने मनगट मोडले, किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर हाडांची घनता तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी सोय असते, आणि झीज रोखणारी औषधेही आहेत.

आई आता काठीने चालते. ओट्याला आम्ही मध्ये एक पायरी घातली. नातीला रोज समोर बसवून दूध पाजते आणि पेला रिकामा झाल्याशिवाय उठू देत नाही. मंगळवारच्या बाजारात त्या पुडीवाल्यापुढे अजून रांग असते. मी दोनदा बोलून आलो, पुन्हा जाणार आहे.