सोमवारी सकाळी दुखणारं पोट



पगार, पाळ्या, व्हिसा यावर आपण नेहमीच बोलतो. आज मुलांच्या शाळेबद्दल बोलू.

माझी मुलगी इथे तिसरीत आली. पुण्यात ती वर्गात सगळ्यांत बडबडी. इथे चार महिने शाळेत गप्प. दर सोमवारी सकाळी पोट दुखायचं. मी म्हणायचो, "नाटकं करू नकोस, अभ्यास कर." चूक माझी होती. तिला गणित येत होतं, पण शाब्दिक उदाहरणातलं जर्मन कळत नव्हतं. डबा उघडला की पोरं नाक मुरडायची. हे सांगायचं कोणाला आणि कसं?

"आधी अभ्यास, मनाचं नंतर बघू" असं आपण म्हणतो. पण घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात भाषा शिरत नाही, आणि भाषा येईना म्हणून भीती वाढते. इथे तर वेळही कमी. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच गिम्नाझियम की दुसरी शाळा, हे ठरतं. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. काही राज्यांत शाळेची शिफारस बंधनकारक असते, काहींत पालकांचा शब्द शेवटचा. आपल्या राज्याचा नियम तिसरीतच विचारून घ्या. पुढे शाळा बदलता येते, हेही लक्षात ठेवा.

मग करायचं काय?

पालकसभा पाळीच्या वेळेत असेल, तर शिक्षकांकडे दुसरी वेळ मागा. दुभाषी मिळेल का, तेही आधीच विचारा. मुलालाच दुभाषी करू नका. स्वतःची तक्रार त्यानं स्वतःच्या तोंडानं कशी सांगावी?

अनेक शाळांत समाजसेवक असतात, 'शूलझोत्सियालआर्बाइट' म्हणतात. शाळांसाठी मानसतज्ज्ञांची सेवाही आहे. ती मोफत आणि गोपनीय असते. तिथे गेलं म्हणजे मूल 'वेडं' ठरत नाही. मुलांना स्वतःलाही 116 111 वर मोफत, नाव न सांगता बोलता येतं. तिथे जर्मन लागतं.

"तक्रार केली तर व्हिसाला धोका," असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. कोणाकडे कागदपत्रं नसली, तरी परदेशी नागरिक कार्यालयाला ते कळवण्याच्या सक्तीतून 2011 पासून शाळांना वगळलं आहे. मुलाला शाळेत घालायला म्हणूनच कोणी कचरू नये.

कमी पगारात घरभाड्याची किंवा मुलांसाठीची पूरक मदत मिळणाऱ्या कुटुंबांना 'बिल्डुंग्सपाकेट' आहे: शाळेतलं जेवण, सहल, गरज असेल तर शिकवणी. वह्या-दप्तरासाठी 2025 मध्ये वर्षाला 195 युरो होते. अर्जाआधी स्थलांतरितांच्या मोफत सल्ला केंद्रात आपल्या परवान्याचं विचारून घ्या.

आणि घरी मराठीच बोला. जर्मन शाळेत येईल. पण मनातलं सांगायला मुलाकडे एक तरी पक्की भाषा हवी. माझ्या लेकीनं डब्याचं सांगितलं ते मराठीतच, रात्री, दिवा मालवल्यावर.

उद्या मूल शाळेतून आलं की "मार्क किती?" नंतर विचारा. आधी विचारा, "डबा कोणाबरोबर खाल्लास?"